प्रवासी सायकलीचें चाक : स्वतः बांधावें कीं बांधून घ्यावें?

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुट्टींत आम्ही व आमच्या शाळेंतील चार विद्यार्थी कोल्हापुराहून सायकलींनीं रत्नागिरीस निघालों. वाट मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली अशी. अंतर सुमारें १३० किलोमीटर. दोन दिवसांत रत्नागिरी गांठावी व तेथून समुद्रकांठानें गणपतीपुळ्यास जावें, असा बेत होता. घाट निर्विघ्न उतरलों. साखरप्याच्या अलीकडे एका विद्यार्थ्याच्या मागच्या चाकांतून ‘टण्’ असा आवाज आला, व चाक ब्रेकच्या रबरास घासूं लागलें. उतरून पाहतों तों उजव्या बाजूची एक तार तुंब्यापाशीं तुटून लोंबत होती.

साखरप्याच्या बाजारांत एक सायकलमिस्त्री भेटले. मनुष्य हुशार व परोपकारी. त्यांनीं चाक फिरवून पाहिलें आणि म्हटलें, “मास्तर, तारा माझ्याकडे आहेत, पण त्या मोठ्या सायकलीच्या, ह्या चाकाला बोटभर लांब होतील. आणि तार घालायची तर आधी हा दात्यांचा जुडगा उतरवावा लागेल. त्याचं हत्यार माझ्याकडे नाही.” मग त्यांनीं शेजारच्या दोन तारा थोड्या ढिल्या करून चाक सरळ आणलें, ब्रेक मोकळा केला, आणि एक पैसा न घेतां आम्हांस वाटेस लाविलें. पालीच्या पुढें दुसरी तार तुटली, हातखंब्याशीं तिसरी. त्या मुलानें सहा महिने पैसे सांठवून ही सहल योजिली होती. हातखंब्याहून तो एस. टी.च्या टपावर सायकल घालून परत गेला, व बाकीचे आम्ही समुद्र पाहून आलों.

तें चाक नवें होतें, दुकानांतून तयार घेतलेलें. निघण्यापूर्वीं त्या मुलानें आम्हांस विचारलें होतें, “सर, हें चाक टिकेल ना?” आणि आम्हीं न पाहतांच “नवें आहे, कां न टिकेल?” असें उत्तर दिलें होतें. शिक्षकानें न तपासतां दिलेलें उत्तर किती महाग पडतें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. आतां तोच विद्यार्थी आपल्या दोन मित्रांसह पुन्हां विचारीत आहे : ह्या खेपेस चाकें आम्हीच बांधूं काय? ह्या प्रश्नाचें उत्तर तोंडीं देण्यापेक्षां सविस्तर लिहावें, म्हणजे इतरांसहि उपयोगीं पडेल, असें वाटून हा लेख लिहीत आहों.

चाक बांधावें कीं न बांधावें हें ठरविण्यापूर्वीं चाक उभें कसें राहतें तें समजलें पाहिजे. बैलगाडीचें चाक सर्वांस ठाऊक आहे. मध्यें तुंबा, भोंवतीं लांकडी आरे, त्यांवर पुट्टे व बाहेरून लोखंडी धांव. गाडीचा भार तुंब्यावरून खालच्या आऱ्यावर येतो व तो आरा खांबाप्रमाणें दाबला जाऊन भार जमिनीवर देतो. सायकलीची तार मात्र खांबाचें काम करूं शकत नाहीं. दोन मिलिमीटर जाडीची, वीतभराहून लांब तार टोंकावर दाबून पाहा. ती लगेच वांकते. ती केवळ ओढूं शकते. म्हणून सायकलीच्या चाकांत प्रत्येक तार आधींच ताणून ठेविलेली असते. हा ताणाचा विचार नवा नाहीं. इंग्लंडांतील सर जॉर्ज केली ह्यांनीं आपल्या उडत्या यंत्रासाठीं हलकें चाक हवें म्हणून तो १८०८ मध्यें टिपून ठेविला होता. पुढें कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली ह्यांनीं तो दुचाकीस लाविला, आणि १८७४ मध्यें तुंब्यास स्पर्शरेषेनें जाणाऱ्या तिरप्या तारांचें पेटंट घेतलें. आज आपण जें तिरपें विणलेलें चाक पाहतों, तें त्याच वंशाचें आहे. तारा सरळ त्रिज्येंत असत्या तर पायडल मारतांना तुंबा आधीं स्वतःभोंवतीं थोडा पिळला जाऊन मग रिमेस ओढता. तिरपी तार ती ओढ लागलीच पोंचविते.

येथें एक प्रयोग सांगतों, तो प्रत्येकानें करावा. सायकल भिंतीस टेकवून उभी करा. मागच्या चाकाची जमिनीजवळची तार नखानें छेडून तिचा सूर ऐका. आतां मित्रास खोगिरावर बसवा व तीच तार पुन्हां छेडा. सूर स्पष्ट उतरलेला ऐकूं येईल. मग वरची तार ह्याच रीतीनें छेडून पाहा. तिचा सूर जवळजवळ तोच राहतो. ह्याचा अर्थ असा कीं, भार पडला म्हणजे खालच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो, इतर तारांस फारसा फरक कळतहि नाहीं. पुष्कळ लोक म्हणतात कीं, स्वार वरच्या तारांस टांगलेला असतो. आम्हीहि वर्गांत कांहीं वर्षें तसेंच सांगत असूं. तसें असतें तर वरचा सूर चढला असता.

आतां हा ताण एका फेऱ्यांत एकदां उतरतो व पुन्हां चढतो. साधारण प्रवासी सायकलीच्या चाकाचा परीघ २.१ मीटर धरिला, तर एका किलोमीटरांत सुमारें ४७६ फेरे होतात. कोल्हापूर ते रत्नागिरी ह्या १३० किलोमीटरांत जवळजवळ ६२,००० फेरे. तितक्या वेळां प्रत्येक तार ढिली होऊन पुन्हां ताणली जाते. लोखंडी खिळा एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं, पण तोच पुढें-मागें वांकवीत राहिलें कीं तुटतो. तारहि तशीच थकून तुटते. भार फार झाला म्हणून ती क्वचितच तुटते. आणि ती तुटते कोठें? तुंब्याच्या भोंकांत जेथें तिला कोपर दिलेलें असतें तेथें. कारण तें कोपर कारखान्यांत वांकवितांना आणि चाक विणतांना धातूच्या पोटांत कांहीं ताण दडून राहिलेला असतो. फेऱ्यांचा ताण त्या दडलेल्या ताणावर चढतो.

मग तुटणें टाळावयाचें कसें? पहिली गोष्ट, तार पुरेशी ताणलेली असावी. ढिली तार भाराखालीं अगदीं सैल पडते व सुटतांना झटका घेते. शिवाय तिचें निपल हळूंहळूं आपोआप उलटें फिरूं लागतें. चांगल्या प्रवासी चाकांत उजव्या बाजूच्या मागील तारेचा ताण १०० ते १२० किलोग्रॅमच्या घरांत असतो. एकेका बारीक तारेस एक धान्याचें पोतें टांगल्यासारखें हें आहे. दुसरी गोष्ट, कोपरांत दडलेला ताण चाक बांधल्यावर काढून टाकावा. हें काम पैशाचें नव्हे, हातांचें आहे. एका बाजूच्या जवळजवळ समांतर अशा दोन-दोन तारा दोन्ही मुठींत धरून जोरानें आवळावयाच्या, असें चाकभर फिरावयाचें. क्षणभर ताण फार वाढतो, कोपरांतील ज्या भागावर आधींच जास्त ताण आहे तो किंचित् शरण येतो, व हात सोडल्यावर तेथील दडलेला ताण उतरलेला असतो. जॉब्स्ट ब्रँट ह्या अमेरिकन अभियंत्यानें १९८१ मध्यें सायकलीच्या चाकावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ह्या आवळण्याचें कारण नीट समजावून दिलें आहे. कुशल मिस्त्री हें काम कारण न सांगतांहि करीत असत.

तिसरी गोष्ट तारेच्या जातीची, व ती ऐकून विद्यार्थी नेहमीं चकित होतात. सरसकट २ मिलिमीटर जाड तारेपेक्षां जी दोन्ही टोंकांस २ आणि मध्यें १.८ मिलिमीटर असते, ती अधिक टिकते. बारीक तार बळकट कशी? हिशेब करून पाहूं. २ मिलिमीटर तारेचा छेद सुमारें ३.१४ चौरस मिलिमीटर. २९ सेंटिमीटर लांबीच्या अशा तारेस १०० किलोग्रॅम ताण दिला तर ती साधारण ०.४६ मिलिमीटर लांबते. १.८ मिलिमीटर तारेचा छेद २.५४, ती ०.५७ मिलिमीटर लांबते. खड्ड्यांत आपटून रिम जर तुंब्याकडे ०.४ मिलिमीटर दबली, तर पहिल्या तारेचा जवळजवळ सगळा ताण जातो, दुसरीचा बराच शिल्लक राहतो. जी अधिक लांबते तीच अधिक वेळ ताणलेली राहते. शिवाय मधला भाग लवचिक असल्यानें कोपरावरचे धक्के तो वांटून घेतो. (तारेच्या टोंकास एका इंचांत ५६ आटे असतात, म्हणजे निपलाचा एक पूर्ण फेरा सुमारें ०.४५ मिलिमीटर. ढिल्या नव्हे, पण नुकत्याच ताठ झालेल्या तारेस पूर्ण ताणावर आणावयास किती थोडे फेरे लागतात, हें ह्यावरून ध्यानांत यावें. नवशिके येथेंच घाई करितात.)

आमच्या वडिलांची काळी सायकल आम्हांस आठवते. खेड्यांतल्या शाळा तपासावयास ते तिच्यावर रोज वीस-पंचवीस किलोमीटर जात. तिच्या पुढच्या चाकास ३२ व मागच्यास ४० तारा होत्या, रिमा जाड पोलादी होत्या, आणि तारा तुटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. मग आजच्या चकचकीत चाकानें हातखंब्यास दगा कां द्यावा? त्याचें मोठें कारण मागच्या चाकाच्या उजव्या बाजूस आहे. जुन्या सायकलीस मागें एकच दांत्याचें चक्र असे, म्हणून तुंब्याच्या दोन्ही कडा रिमेच्या मध्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर असत. आजच्या प्रवासी सायकलीस मागें आठ, नऊ, दहा चक्रांचा जुडगा असतो. त्याला जागा करून देण्यासाठीं उजवी कडा मध्याकडे सरकविलेली असते. समजा, उजवी कडा मध्यापासून २० मिलिमीटर व डावी ३५ मिलिमीटर आहे. तराजूच्या दांडीचा नियम येथें लागतो : रिम मध्यावर राहावयाची, तर डाव्या तारांचा ताण उजव्यांच्या विसास पस्तीस, म्हणजे सुमारें ०.५७ पट असला पाहिजे. उजवीकडे ११० किलोग्रॅम असतील तर डावीकडे ६३. आणि कारखान्याच्या यंत्रानें घाईनें बांधलेल्या चाकांत उजवीकडेच जर ६०-७० असेल, तर डावीकडे काय उरलें? तें चाक दुकानांत सरळ फिरेल, पण १८ किलोग्रॅम सामान लादून घाट उतरल्यावर त्याचें खरें रूप कळेल. त्या मुलाचें चाक घरीं आल्यावर आम्हीं दाबून पाहिलें. डावीकडच्या कित्येक तारा हाताला सुतळीसारख्या लागल्या.

येथवर वाचल्यावर विद्यार्थी म्हणतील, मग स्वतःच बांधावें हें ठरलेंच! तसें नाहीं. आधीं पैशाचा विचार करूं. सुटे तुंबे, रिमा, तारा, निपल घेऊन चाक बांधल्यास तें तयार चाकापेक्षां स्वस्त पडेल अशी पुष्कळांची समजूत असते. तयार चाकें कारखान्यांत हजारोंनीं होतात, आणि सुटा माल एकेक घेतला म्हणजे बहुधा महागच पडतो. जो पैसे वांचविण्यासाठीं बांधूं पाहतो त्यानें हा विचार येथेंच सोडावा.

वेळेचा हिशेब त्याहून कठीण आहे. आम्ही स्वतः हातखंब्यानंतरच्या नाताळांत पहिलें चाक बांधलें. तारा विणण्यास एक संध्याकाळ गेली, ती चुकली म्हणून सोडून पुन्हां विणण्यास दुसरी, आणि ताण देऊन सरळ करण्यास तिसरी व चवथी. चवथ्या संध्याकाळीं चाक सरळ झालें तेव्हां कळलें कीं तें मध्यावर नाहीं. तीन मिलिमीटर डावीकडे आहे. घरच्या मंडळींनीं त्या आठवड्यांत आमच्याशीं फारसें बोलणें सोडून दिलें होतें. दुसरें चाक मात्र एका दिवसांत झालें. म्हणून आमचें पहिलें मत असें कीं, ज्याची सहल तीन आठवड्यांवर आली आहे त्यानें पहिलें चाक सहलीसाठीं बांधूं नये. निघण्यापूर्वीं दोन महिने तरी हातीं असावे. म्हणजे बांधलेलें चाक सामान लादून दोन-तीनशें किलोमीटर चालवून, पुन्हां तपासून, मग दूर नेतां येईल.

लांबीचें गणित मात्र इतकें सुंदर आहे कीं, चाक न बांधणाऱ्यानेंहि तें करून पाहावें. ३६ तारांच्या चाकांत तुंब्याच्या प्रत्येक कडेस १८ भोंकें. दोन शेजारच्या भोंकांमधील कोन २० अंश. ‘तीन छेद’ पद्धतींत प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या तीन तारांस ओलांडते, तेव्हां तिच्या दोन टोंकांमधील मध्यकोन तीन वेळां वीस, म्हणजे बरोबर ६० अंश येतो. साठ अंशांची कोज्या अर्धा! म्हणून त्रिकोणाच्या सूत्रांतील किचकट भाग आपोआप साधा होतो. रिमेची त्रिज्या (निपल जेथें बसतें तेथवर) ३०० मिलिमीटर, तुंब्याच्या भोंकांच्या वर्तुळाची त्रिज्या ३० व डाव्या कडेचें मध्यापासूनचें अंतर ३५ धरूं. तिघांच्या वर्गांची बेरीज ९०,००० + ९०० + १,२२५. तींतून दोन त्रिज्यांचा गुणाकार ९,००० वजा केला कीं ८३,१२५. वर्गमूळ २८८.३. तुंब्याच्या भोंकाची त्रिज्या १.३ वजा करा : २८७ मिलिमीटर. उजवीकडे ३५ च्या जागीं २० घाला, उत्तर २८५.६ येतें. दोन्ही बाजूंस दीड मिलिमीटराचा फरक. दहावीच्या विद्यार्थ्यास हें गणित जड नाहीं, आणि ज्यास रिमेची त्रिज्या स्वतः मोजतां येत नाहीं त्यानें तारा विकत घेऊं नयेत. छापील कोष्टकावर विसंबून आम्हीं पहिल्यांदा घेतलेल्या ३६ तारा चार मिलिमीटर लांब निघाल्या. त्या आजहि आमच्या कपाटांत आहेत.

विणण्याची रीत थोडक्यांत सांगतों. तारांचे चार गट, प्रत्येकांत नऊ. पहिला गट उजव्या कडेंतून एकाआड एक भोंकांत बाहेरून आंत घालावा, व रिमेंत व्हॉल्व्हच्या भोंकाशेजारून आरंभ करून दर चवथ्या भोंकांत अडकवावा. दुसरा गट तसाच डाव्या कडेंतून, पहिल्याच्या लगतच्या भोंकांत. मग तुंबा हातानें पिळावा, म्हणजे तारा तिरप्या होतात. उरलेले दोन गट उलट दिशेस. प्रत्येक तार पहिल्या दोन तारांवरून व तिसरीच्या खालून घ्यावी. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींपासून दूर जाणाऱ्या असाव्यात, नाहींतर पंपाचें तोंड आंत शिरत नाहीं. आमचें पहिलें विणकाम ह्याच कारणानें उसवावें लागलें.

ताण देतांना आधीं प्रत्येक निपल आटे दिसेनासे होईपर्यंत सारखें फिरवावें, म्हणजे सर्व तारा एका पातळीवरून निघतात. मग चाकभर एकेक फेरा, पुढें अर्धा, शेवटीं पाव. निपल रिमेच्या बाहेरून पाहिलें असतां घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरविल्यास तार ताणते. पाना आंतून लाविला कीं दिशा उलटी दिसते, आणि निम्मे नवशिके ढिलें करावयाचें तें आवळून ठेवितात. ताणलेली तार निपलाबरोबर स्वतःहि पिळते. म्हणून पाव फेरा हवा असेल तर किंचित् जास्त फिरवून तितकेंच मागें यावें. आट्यांस जवसाचें तेल लावावें. बांधतांना तें वंगणाचें काम करितें, वाळल्यावर घट्ट होऊन निपल सुटूं देत नाहीं. चाक उभें करण्यास विलायती घोडी लागते असें नाहीं. सायकल उलटी करून तिच्याच चिमट्यांत चाक बसवावें व ब्रेकचें रबर मापास धरावें. चाक मध्यावर आहे कीं नाहीं तें पाहण्यासाठीं जाड पुठ्ठ्याची कमान कापावी : दोन पाय रिमेवर टेकतील, मधला दांता आंसाच्या नटास लागेल. ती दुसऱ्या बाजूस लावून तोच दांता तसाच लागला म्हणजे चाक मध्यावर.

सूर हा येथें उत्तम मापक आहे. एका बाजूच्या अठरा तारा एकामागून एक छेडल्या तर त्यांचा सूर सारखा लागला पाहिजे. एखादी फार उंच, शेजारची फार खालीं लागली, तर चाक आज सरळ असलें तरी महिन्यानें वांकडें होईल. ज्यास पेटीचे सूर ओळखतां येतात तो मुलगा चाक लवकर शिकतो, असा आमचा अनुभव आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हातखंब्यास आमची सहल कां मोडली? चाक दुसऱ्यानें बांधलें होतें म्हणून नव्हे. चाकाचा ताण कोणीं पाहिला नव्हता. मापाच्या चार तारा बरोबर नव्हत्या. जुडगा उतरविण्याचें हत्यार नव्हतें. आणि हत्यार असतें तरी तार घालून चाक सरळ करण्याचें ज्ञान आम्हां पांचांपैकीं एकासहि नव्हतें. ह्या चार उणीवांपैकीं स्वतः चाक बांधल्यानें पहिली व शेवटची भरून निघते; मधल्या दोन निघत नाहींत. उलट, उत्तम मिस्त्र्याकडून बांधून घेतलेलें चाकहि बोर घाटांत तुटलेल्या तारेपुढें आपणांस तितकेंच असहाय करूं शकतें. १९२३ मध्यें मुंबईहून निघून इराण-इराकच्या वाळवंटांतून युरोप, अमेरिका, जपान, चीन असा पृथ्वीचा फेरा सायकलीनें करून अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे पारशी तरुण १९२८ मध्यें परत आले. अशा वाटेवर दुकान कोठलें? जें आपल्या पिशवींत व आपल्या हातांत असेल तेवढेंच.

म्हणून तिघां विद्यार्थ्यांस आम्हीं तीन वेगळीं उत्तरें दिलीं आहेत, व त्यांनीं तीं रागावून कां होईना ऐकून घेतलीं. पहिल्याची सहल ह्याच मे महिन्यांत आहे व त्याच्याजवळ चांगलें तयार चाक आहे. त्यानें नवें बांधूं नये. टायर काढून, दोन्ही बाजूंचा सूर ऐकून, ताण वाढवून, तारा मुठींत आवळून, पुन्हां सरळ करून तें चाक पक्कें करावें. यंत्रानें अर्धें केलेलें काम हातानें पुरें करणें, ही मधली वाट बहुतेकांस पुरेशी आहे, आणि ती फारच थोडे लोक चोखाळतात. दुसऱ्यास धीर कमी आहे. पाना हातीं आला कीं तो एकाच तारेस तीन फेरे देतो. त्याच्या गल्लींत एक वयस्कर मिस्त्री आहेत, ज्यांचीं चाकें वर्षानुवर्षें दूधवाल्यांखालीं चालत आलीं आहेत. त्यानें माल आणून द्यावा, त्यांच्याजवळ बसून चाक बांधून घ्यावें, बांधतांना पाहावें, मजुरी पुरी द्यावी, आणि घासाघीस करूं नये. “आऊट काढलेलं आहे” एवढ्यावर समाधान न मानतां ताण किती तेंहि नम्रपणें विचारावें. चांगला कारागीर ह्या प्रश्नानें रागावत नाहीं.

तिसरा तोच, जो हातखंब्याहून परतला. त्याच्याजवळ दिवाळीपर्यंत वेळ आहे, गणित आहे, आणि त्या दिवशींची आठवण आहे. त्यानें बांधावें. परंतु नव्या मालास हात लावण्यापूर्वीं आपलें जुनें चाक पूर्ण उसवून दोनदां विणावें. त्या चाकाच्या तारा मात्र पुन्हां रस्त्यावर वापरूं नयेत. तीन तुटल्या म्हणजे बाकीच्याहि थकलेल्या समजाव्यात. रिम ३६ भोंकांची, दुहेरी भिंतीची घ्यावी. निपल पितळी घ्यावें, ॲल्युमिनियमचें घेऊं नये. वजन चार तोळे कमी करण्याच्या मोहानें तारांची संख्या कमी करूं नये. कोणींहि बांधलेलें चाक असो, उजवीच्या दोन व डावीच्या दोन मापाच्या तारा चिमट्याच्या नळीस चिकटपट्टीनें बांधाव्यात, निपलासकट. जुडगा उतरविण्याचें लहानसें हत्यार व पाना पिशवींत असावा. आणि निघण्यापूर्वीं अंगणांत एक तार मुद्दाम काढून ती पुन्हां बसवून दाखवावी. हें ज्यास वीस मिनिटांत जमलें, तो आमच्याबरोबर येईल. ही अट आम्हीं स्वतःसहि घालून घेतली आहे. गेल्या रविवारीं आम्हांस पस्तीस मिनिटें लागलीं.

हातखंब्यास दगा दिलेलें तें चाक सध्यां प्रयोगशाळेंतील उंच कपाटावर ठेविलें आहे. ज्यास तें उसवून विणावयाचें असेल त्यानें शनिवारीं शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावें. तारा व पुठ्ठ्याची कमान तेथेंच आहे. पाना एकच आहे, तेव्हां तो घरीं नेऊं नये.